दोन चमचे, दुधातून

दवाखान्यात किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. बाटलीचं बूच काढलं की आम्ही खणात टाकायचो; काही वर्षांनी तो खणच उघडेना! तसंच हे. तुम्ही मंडळी जमलात की म्हणता, "काका, दवाखान्यातलं काहीतरी होऊन जाऊ दे." होऊन जाऊ दे. हसायचं तिथे हसा. पण शेवटचा किस्सा चालू असताना कोणी चहाला उठायचं नाही, एवढं कबूल करा.

तर मी कल्याणला पारनाक्याच्या अंगाला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. पन्नास सालच्या आगेमागेची गोष्ट. रेशनचा तांदूळ, रेशनची साखर आणि माणसं नुसती काटक्या. दुसरा डॉक्टर मिक्श्चर देऊन मोकळा झाला असता. आमचे डॉक्टर आधी विचारायचे, "काल काय जेवलास?" पेशंट चक्रावायचा. ताप आलाय मला आणि हा माणूस माझी भाजी विचारतोय! डॉक्टरांना एकच वेड, व्हिटॅमिन. समोरच्याला व्हिटॅमिन कळलं नाही तर म्हणत जीवनसत्त्व. तेही कळलं नाही तर म्हणत, "अरे बाबा, जेवणातली ताकद!" ऐकून ऐकून मीही अर्धा डॉक्टर झालेलो. लोह कशात, कॅल्शियम कशात, सगळं तोंडपाठ. विचारा कोणीही, कधीही.

त्याच वर्षी माझी बायको सुमती दिवसांत होती. आधीची दोन पोटातच गेलेली. डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली आणि मला जवळ बोलावलं. "बघा. इथे लाल दिसायला पाहिजे. पांढरीफटक आहे. हिच्या अंगात रक्तच नाही, कंपाउंडर. हिला खायला घाला. नाहीतर हे बाळंतपण हिला झेपायचं नाही."

मी छाती काढून म्हणालो, "डॉक्टर, सगळ्या कल्याणला सांगतो काय खायचं ते. माझ्याच घरात कमी पडेन होय?"

घरात आम्ही दोघंच. आई मुरबाडकडे गावाला, बहीण तिच्या सासरी. घरात सासू नाही, नणंद नाही, दीर नाही. म्हणजे पुढेमागे दोष द्यायचा म्हटलं तर तिसरं माणूस नव्हतं, हे आत्ताच सांगून ठेवतो.

*

पहिला किस्सा अण्णासाहेबांचा. ठाण्याच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले, घरची शेती, दारात गाय. पायांना मुंग्या, घोट्याला सूज, जिना चढले की धाप. डॉक्टरांनी विचारलं, "भात कसला खाता?"

"पांढराशुभ्र! दोनदा सडून घेतो गिरणीत. आमच्याकडे तांबूस भात गडीसुद्धा खात नाहीत."

"आणि पेज?"

"पेज गाईला."

"कोंडा?"

"तोही गाईलाच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "गाय कशी आहे?"

"फर्स्ट क्लास! अंगावर हात ठरत नाही!"

"मग असं करा," डॉक्टर म्हणाले, "गाईचं तुम्ही खा आणि तुमचं गाईला द्या!"

बाहेर बाकावर बसलेले पेशंट खो खो हसले. अण्णासाहेब गंभीरपणे मान हलवून गेले. वीस दिवसांनी सूज आणखी वर चढवून आले, हातात मी भरून दिलेली औषधाची बाटली, जवळजवळ तशीच. म्हणाले, "डॉक्टर, दुसरं काहीतरी द्या. गाय पीत नाही हो!"

मी घरी जाऊन सुमतीला हे सांगितलं. ती हसली, हसता हसता भिंतीला टेकली. दम लागला तिला. मी म्हटलं, "बघ, माणसं किती अडाणी!" आणि हातसडीचे तांदूळ मुद्दाम बदलापूरहून मागवले. तांबूस, गोडसर. मी पोटभर खाल्ला तो भात. ती वाढत होती.

*

दुसरा किस्सा सांगायला मला आवडत नाही, पण लोकांना ऐकायला आवडतो. चार वर्षांचा मुलगा. दिवेलागण झाली की भिंतीला आपटायचा, पाट कुठे, ताट कुठे, दिसेना. घर कडक शाकाहारी, आजोबा पहाटे आंघोळ करून पूजेला बसणारे. डॉक्टरांनी माशाच्या तेलाची बाटली दिली. "रोज एक चमचा. डोळ्यांचा प्रश्न आहे, घाई करा."

आजोबा म्हणाले, "मासा? आमच्या घरात?"

डॉक्टर चिडले. "मासा नको तर शेवग्याचा पाला द्या, पिकली पपई द्या, गाजर द्या. पण काहीतरी पोटात जाऊ दे! आणि तेलाशिवाय हे लवकर भरून निघायचं नाही."

पंधरा दिवसांनी आजोबा नातवाला घेऊन आले. दरवाजातच वास! पेशंटांनी नाकाला रुमाल लावले. पोराच्या डोक्यावर, कपाळावर, पापण्यांवर तेल चोपडलेलं.

"हे काय?" डॉक्टर ओरडले.

"पोटात घातलं नाही," आजोबा म्हणाले. "वरून लावलं. धर्मही राहिला, औषधही झालं."

"आणि गुण?"

"डोळ्यांचं अजून कळत नाही. पण मांजरं सगळ्या आळीतली येतात!"

हसा, हसा. मीही हसलेलो. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पोराला टेबलावर बसवून स्वतःच्या हातानं चमचा पाजला आणि रोज पाजत राहिले, आजोबांनी बाहेर तोंड फिरवून उभं राहायचं असं ठरलं. पोराचा एक डोळा वाचला. दुसऱ्यावर फूल पडून तो गेला होता. आजोबा मरेपर्यंत म्हणायचे, "एक तरी वाचला, देवाची कृपा."

*

ठाण्याला खोली घेऊन राहणारा एक कारकून होता, एकटा, सडाफटिंग. हिरड्यांतून रक्त, दात हलायला लागलेले. खाणं म्हणजे चहा आणि पाव. डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक लिंबू. महिन्यानं आला तो तसाच.

"लिंबू घेत नाही तुम्ही!"

"घेतो की! रविवारी सात लिंबं एकदम पिळतो, तांब्याच्या पातेल्यात चांगला तासभर उकळतो, बाटलीत भरतो. आठवड्याचं काम एका दिवसात! सरकारी नोकर आहे, डॉक्टर, नियम म्हणजे नियम."

"तुमचा नियम जगला," डॉक्टर म्हणाले, "जीवनसत्त्व मेलं."

मी त्याला फळीपाशी उभं करून वीस मिनिटं समजावलं. उकळायचं नाही, तांब्यात ठेवायचं नाही, जेवताना पानावर पिळायचं आणि लगेच खायचं. तो म्हणाला, "तुमच्या घरच्यांचं भाग्य!" मला बरं वाटलं. अगदी मनापासून बरं वाटलं.

*

खाडीकडून एक बाई यायची, आगरी, दांडगी, बोलायला फटकळ. तिला ताकदीची सुई हवी. तेव्हा लाल इंजेक्शनची नवी टूम निघालेली. लाल म्हणजे रक्त, हे लोकांच्या डोक्यात पक्कं. बाईनं डॉक्टरांसाठी भेट म्हणून टोपली आणलेली. वरचं फडकं काढलं तर सुका जवळा, बोटभर छोटी मासळी, काट्यांसकट खायची ती, आणि लाल माठाच्या दोन जुड्या.

डॉक्टर टोपलीत बघतच राहिले. "अगं बाई, मी सुईत जे देतो ते सगळं तू टोपलीत घालून फिरतेस की!"

ती फणकारली. "ता गरिबाचा खाना हाय, डागतर! ताकद सुईत असतंय. मना सुई द्या!"

"आणि हे?"

"ता तुमी खा!"

डॉक्टरांनी ती टोपली उचलून माझ्या हातात दिली. "सुमतीला. यातली काडीसुद्धा वाया घालवू नका." मी टोपली घेऊन घरी आलेलो. सुमतीनं जवळ्यात कांदा, चिंच घालून असा काही प्रकार केला म्हणता! दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

"तुला ठेवलंस ना?" मी विचारलं. विचारलं होतं मी. शपथेवर सांगतो.

"ठेवलंय हो. तुम्ही जेवा आधी सावकाश."

हात धुऊन मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. आमच्यात पुरुष जेवून उठला की बाई त्याच ताटात बसायची, आणि ती बसली की पुरुषानं आत थांबायचं नाही. माझ्या वडिलांनी तसंच केलं, त्यांच्या वडिलांनी तसंच. कोणी ठरवलेलं नव्हतं. असंच होतं.

*

डोंबिवलीच्या महिला मंडळाचं हळदीकुंकू होतं. त्यांनी डॉक्टरांना भाषणाला बोलावलं, विषय 'आहारातील जीवनसत्त्वे व क्षार'. डॉक्टरांना एक अवघड केस आली, म्हणून तक्ता गुंडाळून मला पाठवलं. काय सांगू तुम्हाला, बोललो! अ कशात, ब कशात, क उकळलं की कसं जातं, गुळात काय, नाचणीत काय. गाय आणि अण्णासाहेब सांगितले तेव्हा बायका डोळे पुसत होत्या.

शेवटी मागून एक काळी, उंच बाई उठली. शाळेत शिकवायची म्हणे. ती म्हणाली, "कंपाउंडरसाहेब, ही सगळी यादी ऐकली. हे सगळं शिजवायचं आम्ही. पण खायचं कोणी? आमच्या वाटणीला येईस्तोवर भांड्यात रस्सा उरतो. त्याच्यात कुठलं व्हिटॅमिन असतं?"

 मी तक्ता गुंडाळायला घेतला. मग माझ्या तोंडून असं काही निघालं की मलाच कौतुक वाटलं: "बाई, माझं म्हणणं एवढंच, जी शिजवते तिनं आधी जेवावं!"

टाळ्या! अध्यक्षीणबाईंनी नारळ दिला, ओटीचा नव्हे, मानाचा. घरी आलो तेव्हा भूक अशी लागलेली! सुमतीनं ताट वाढलं. नाचणीची भाकरी, माठाची भाजी, वाटीत दूध.

"कसं झालं भाषण?"

मी घास घेत घेत सगळं सांगितलं. शेवटचं वाक्यही, अगदी त्या आवाजात. ती तोंडाला पदर लावून हसली. "छान बोललात हो," म्हणाली आणि टोपलीतली शेवटची भाकरी माझ्या ताटात टाकली.

आणि मी ती खाल्ली! टाळ्या कानात वाजत होत्या ना. आजही ते वाक्य कोणी कुठे बोललं तर मी उठून बाहेर जातो.

*

मग एक औषध कंपनीचा माणूस आला. टाय, बॅग, इंग्रजी. त्यानं डॉक्टरांना माल्टचे तीन डबे नमुना म्हणून दिले. घट्ट, काळपट, मधासारखं गोड. आत सगळी व्हिटॅमिनं, लोह, काय नि काय. डॉक्टरांनी तिन्ही डबे माझ्यापुढे सरकवले. एरवी एक डबा दहा पेशंटांत वाटणारा माणूस! "रोज दोन चमचे, दुधातून. सहावा लागलाय तिला. आता हेच."

दुसऱ्या संध्याकाळी सुमतीनं पेला पुढे केला. वासावरून ओळखलं मी, कंपाउंडर आहे.

"अगं, हे तुझं!"

"माझं झालं सकाळीच. दिवसभर उभे असता तुम्ही. एक घोट घेतलात तर काय बिघडलं?"

"डॉक्टर रागावतील."

"डॉक्टर बघतायत होय? घ्या, निवतंय."

घेतला. गोड होतं हो. दुसऱ्या दिवशी घेतला, तिसऱ्या दिवशी घेतला. नंतर विचारणंही सुटलं. संध्याकाळी पेला यायचा, मी प्यायचो, ती रिकामा पेला घेऊन जायची आणि विसळायची. डबे संपत होते, तसं मी डॉक्टरांना उत्साहानं सांगायचो, "एक संपला! दुसरा फोडला!" ते खूश.

एकदा गर्दीत बाटल्या भरताना माझ्या शर्टाचं पोटावरचं बटण तटकन तुटून फळीवर पडलं. रांगेतला एक टिटवाळ्याचा म्हातारा म्हणाला, "कंपाउंडर, बायको दिवसांत आहे का तुम्ही?"

सगळा दवाखाना हसला. सर्वांत मोठ्यानं मी. घरी जाऊन सुमतीलाही सांगितलं. तिनं बटण लावून दिलं. सुईत दोरा ओवायला तिला बराच वेळ लागला. मी म्हटलं, "आण इकडे, मी ओवतो." ओवून दिला. तेवढं केलं मी.

*

आता शेवटचा. बसा.

दवाखान्यात नवा वजनकाटा आला. वर उभं राहायचं, पितळी वजन सरकवायचं. तोवर आम्ही माणसं नजरेनं तोलायचो. खरा आहे की खोटा हे बघायला डॉक्टरांनी पहिलं मला चढवलं. एकशे चोवीस पौंड. मग नियम केला, दिवसांतल्या बायकांनी दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी यायचं, वजन त्यांच्या कागदावर लिहायचं.

सुमती पहिल्या शनिवारी आली. शहाऐंशी. महिनाभरानं शहाऐंशी. डॉक्टर म्हणाले, "वाढायला पाहिजे. पोटात मूल वाढतंय आणि काटा तिथेच?" आठव्यात चौऱ्याऐंशी भरली.

डॉक्टरांनी मला आत घेतलं, दार लोटलं. "माल्ट?"

"दोन डबे संपले, तिसरा चालू आहे."

"भाजी, मासळी, नाचणी?"

"सगळं आणतो, डॉक्टर. देवाशपथ. एक दिवस चुकवलेला नाही."

ते खरंच होतं. आणत मी होतोच. डॉक्टरांना काही उमगेना. त्यांनी जंताचं औषध दिलं, लघवी तपासली, ठाण्याच्या मोठ्या डॉक्टरला पत्र लिहिलं. सुमतीला विचारलं, "पोरी, जेवतेस ना नीट?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हो तर. हे किती करतात माझं!" ती खोटं बोलत नव्हती, हेच माझ्या अजून घशाखाली उतरत नाही. तिला तसंच वाटत होतं.

नवव्यात, चार दिवस आधीच, तिला प्रसूतिगृहात नेलं. मुलगी झाली. जिवंत, पाच पौंडांची, रडकी. मी पेढे आणायला निघालो होतो. मागून नर्स धावत आली. सुमतीचं रक्त थांबत नव्हतं. फार नव्हे, डॉक्टर नंतर म्हणाले, दुसऱ्या बाईचं एवढं जातं आणि तिसऱ्या दिवशी ती उठून बसते. हिच्यात मुळात होतंच किती! दुपारी तीन वाजता गेली. पापणी ओढून बघायची गरज कोणाला पडली नाही.

मुलीला माझ्या बहिणीनं नेलं. चौदाव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. घरी काय करायचं होतं? चूल पेटवता येत नव्हती मला. कल्याणभर सांगत फिरलो काय शिजवा ते!

पेशंट अजून यायचे होते. डॉक्टर टेबलाशी बसलेले, पुढ्यात सुमतीचा कागद. शहाऐंशी, शहाऐंशी, चौऱ्याऐंशी. ते त्या आकड्यांवरून बोट फिरवत होते. मग वर न बघता म्हणाले, "माल्टचे तिन्ही डबे संपले ना?"

"हो."

"तिला पिताना पाहिलंत?"

मी म्हणालो, "ती सकाळी घ्यायची."

"सकाळी पाहिलंत?"

"नाही."

"जेवताना?"

"डॉक्टर, आमच्यात... बायका मागाहून जेवतात. तेव्हा आपण तिथे नसतो."

डॉक्टर उठले. मला वाटलं, मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी माझा दंड धरला, मला वजनकाट्यावर उभं केलं आणि पितळी वजन सरकवायला लागले. सरकवत गेले, सरकवत गेले, मग थांबले.

"एकशे छत्तीस," ते म्हणाले.

आणि टेबलाशी जाऊन त्यांनी तो आकडा सुमतीच्या कागदावर, चौऱ्याऐंशीच्या खाली लिहिला.